आवाजाची टॅली

(जळगावात तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



मला कवी म्हणून बोलावलंय, पण आज कविता वाचणार नाही. कवितेला टाळ्या पडतात आणि माणसं चहा पिऊन घरी जातात. आज मी रेडिओबद्दल बोलणार आहे.

हसू नका. तुमच्या खिशात मोबाइल आहे, मग हा गोदीवाला हे जुनं खोकं कशाला उकरून काढतोय, असं वाटत असेल. सांगतो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो. गोदीत टॅली क्लार्क नावाचा एक माणूस असतो. हातात कागद, कानावर पेन. जहाजातून उतरलेला एकेक नग तो मांडतो : किती उतरले, किती फुटले, किती कमी भरले. त्याच्या कागदावर जो नग नाही तो आलाच नाही. आमच्या खांद्यावर त्याचा वळ उठला असला तरी आला नाही.

आवाजाचंही असंच आहे. ज्या माणसांचा आवाज कुठल्याच टॅलीत चढला नाही, त्यांच्या नातवंडांना उद्या तोंडावर सांगतील, तुमची माणसं काही बोललीच नव्हती. आणि सत्तर वर्षं या देशात आवाजाची सगळ्यात मोठी टॅली कोणाच्या हातात होती? सरकारी रेडिओच्या. म्हणून हा विषय जुन्या वस्तूंच्या शौकिनांचा नाही. तो आपला आहे.

आधी हिशेब नीट मांडू. या देशात रीतसर रेडिओ २३ जुलै १९२७ ला मुंबईत सुरू झाला. खाजगी कंपनी होती. तीन वर्षांत तिचं दिवाळं वाजलं आणि १९३० साली इंग्रज सरकारनं कारभार ताब्यात घेतला. १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. इंग्रज गेला, पण रेडिओ सरकारच्याच मुठीत राहिला. नागपूरला केंद्र आलं १९४८ साली, पुण्याला १९५३ साली. आपल्या खानदेशाला जळगावचं केंद्र मिळायला १९७६ साल उजाडलं. धुळ्याला त्याच्याही नंतर.

१९७६ हे साल लक्षात ठेवा. जून १९७५ पासून मार्च १९७७ पर्यंत देशात आणीबाणी होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवलेला, विरोधक तुरुंगात. लोक ऑल इंडिया रेडिओला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणायचे. म्हणजे खानदेशच्या तोंडाशी माइक आला, तेव्हा देशाच्या तोंडावर हात दाबलेला होता.

त्याआधी आपल्याकडं रेडिओ नव्हता असं नाही. होता, पण लांबचा. माझा आजा धुळ्याकडच्या एका खेड्यातला. गावात सगळ्यांसाठी म्हणून एक संच होता, तो चावडीत. सगळ्यांसाठी म्हणजे कोणासाठी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमची माणसं चावडीच्या बाहेर, भिंतीच्या कडेला उभी राहून ऐकायची. आवाजाला विटाळ लागत नाही, तो भिंत ओलांडून यायचा. पावसाचा अंदाज यायचा, कपाशीचा भाव यायचा. आज्यानं एकदा विचारलं होतं, ''या पेटीमा आपला मानूस कव्हय बोलई?'' माझ्या बापानं हे मला सांगितलं. प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर आजही कोणाकडं लिहिलेलं सापडत नाही.

आता रेडिओवर माणूस बोलायचा कसा ते बघा. भाषण असो, परिसंवाद असो, मुलाखत असो, आधी बोलावणं यायचं. मग करारपत्र. त्या करारावर एका बाजूला बोलणारा आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रपतींच्या वतीनं सही करणारा अधिकारी. दहा मिनिटं बोलायला खुद्द राष्ट्रपतींशी करार! पण भाषण आधी लिहून द्यायचं. ते तपासलं जायचं. ज्याला लिहिता येत नाही, त्यानं भाषण द्यायचं नाही. ज्याची बोली पुस्तकी नाही, त्यानं आधी बोली धुऊन आणायची. आपली किती माणसं या चाळणीतून खाली गळली असतील, हिशेब करा.

आणि वरून आचारसंहिता. आकाशवाणीवरून काय बोलू नये याची यादी आहे. मित्रराष्ट्रावर टीका नको. धर्मांवर, जमातींवर हल्ला नको. अश्लील, बदनामीचं काही नको. हिंसेला चिथावणी नको. न्यायालयाचा अवमान नको. राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायसंस्था यांच्यावर शिंतोडे नकोत. पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको. राज्य किंवा केंद्र सरकारवर वैरभावानं टीका नको. यातलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जमातीवर हल्ला नको, हा नियम आपल्याही ढालीसारखा आहे. पण सगळी यादी एकत्र लावली की सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्याची भाषा कशी होते? त्यातला कर्ता पळून जातो. 'पाणी सोडण्यात येईल.' 'कारवाई करण्यात येईल.' 'काही ठिकाणी अनुचित प्रकार घडले.' कोण सोडणार पाणी? कोणी केला अनुचित प्रकार? विहिरीवर कोणी अडवलं? या व्याकरणात अत्याचार होतो, पण करणारा कोणी नसतो. मार खाणाराही कधीकधी नसतो. आपल्या कवींनी सत्तरच्या दशकात भाषेची मोडतोड केली म्हणून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांनी हे व्याकरण एकदा कान देऊन ऐकावं. भाषेची खरी मोडतोड तिथं झालेली आहे.

आता रोजच्या जगण्यावरचे कार्यक्रम. मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावजी. जुन्या माणसांना विचारा, अजून आवाज काढून दाखवतील. लोकांना तो कार्यक्रम जिवापाड आवडायचा आणि त्यात काम करणारी माणसं आपल्या कामात पक्की होती, हे मी मान्य करतो. पण तो प्रपंच कोणाचा? बैठकीच्या खोलीत चहा घेत महागाईवर बोलणाऱ्या पांढरपेशा घराचा. नळ त्यांच्या घरात होता, म्हणून नळ गेल्याची चर्चा होती. आपल्या घरात नळच नव्हता. गोदीतल्या बदली कामगाराचा प्रपंच, वीटभट्टीवरच्या जोडप्याचा प्रपंच, ऊसतोडीला गेलेल्या घराचा प्रपंच, त्याला मीनावहिनी कुठून मिळणार? एका वर्गाचं जगणं 'रोजचं जगणं' म्हणून सगळ्यांच्या कानात बसवलं गेलं, आणि आपलं जगणं 'समस्या' म्हणून दहा मिनिटांच्या भाषणात गेलं.

तरीही रेडिओला नुसत्या शिव्या देऊन आपलं भागणार नाही. जळगाव केंद्र आलं तेव्हा खानदेशचा शेतकरी, खानदेशचा मास्तर, खानदेशचा शाहीर यांना बोलायला जवळची जागा झाली. आपली बोली मुंबई-पुण्याच्या केंद्रावर विनोदापुरती असायची. बाजारभाव आला, हवामान आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं पेपर दुसऱ्या दिवशी पोचायचा, तिथं हा आवाज त्याच मिनिटाला पोचायचा. रावेर-सावद्याच्या केळीवाल्याला भाव कळायचा. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. केळीच्या भावावर बोलणं झालं, ते ठीकच. पण घड खांद्यावर वाहून गाडी भरणाऱ्या मजुराच्या मजुरीवर किती भाषणं झाली? गावकुसाबाहेरच्या पाण्यावर किती? ही भाषणं कोणी केली, वाडीतल्या माणसानं की तालुक्याच्या साहेबानं? मला भांडण करायचं नाही, मोजायचं आहे. आणि मोजायला यादी लागते.

इथं खरा घोळ आहे. रेडिओची फीत महाग. लोखंडाच्या भुकटीचा थर दिलेली पाव इंच रुंदीची ती फीत, मोठ्या रिळावर गुंडाळलेली. कार्यक्रम झाला की फीत पुसायची आणि तिच्यावरच दुसरा कार्यक्रम भरायचा, ही जगभरच्या रेडिओ केंद्रांची रीत होती. पैसा वाचायचा. पण पुसायचं काय आणि ठेवायचं काय, हे कोणीतरी ठरवायचंच. मोठा गवई असेल तर ठेवा. मोठा पुढारी असेल तर ठेवा. नाव झालेला साहित्यिक असेल तर ठेवा. आणि सकाळच्या कार्यक्रमात पाण्यावर बोललेली बाई? पुसा. कर्जावर बोललेला शेतमजूर? पुसा. यात कोणी दुष्टपणा केला असं म्हणायचीसुद्धा गरज नाही. जात मनात असली की हातानं वेगळं काही करावं लागत नाही. 'महत्त्वाचं' या एका शब्दात सगळं होऊन जातं.

बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. रेडिओची ताकद त्यांना बरोबर कळली होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये, मजूरमंत्री असताना, मुंबई केंद्रावरून ते हिंदी कामगार आणि महायुद्ध या विषयावर बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवरून त्यांनी आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहे, असा त्या भाषणाचा गाभा. ही भाषणं आपण आज वाचतो कारण ती कागदावर उतरली, छापली गेली. आणि १९५५ साली बीबीसीनं त्यांची मुलाखत घेतली, गांधींबद्दलची. ती आज तुमच्या मोबाइलवर आहे. बाबासाहेबांचा तो ठाम, थोडा थकलेला आवाज ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो काटा कोणामुळं येतो? सातासमुद्रापलीकडच्या एका संस्थेनं फीत पुसली नाही म्हणून. संविधान लिहिणाऱ्या माणसाचा आवाज टिकायला हे लागलं, तर तुमच्या आजीच्या आवाजाची काय कथा?

जळगावपासून हाकेच्या अंतरावर आसोदा. तिथल्या बहिणाबाई चौधरी, १८८० ते १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी रचायच्या आणि घरातल्यांनी ती वहीत उतरवली. त्या गेल्यानंतर मुलानं, सोपानदेवांनी, वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. शब्द वाचले. त्या शब्दांचा मूळ सूर, श्वास कुठं घेतला, कुठं हसू आलं, ते कायमचं गेलं. बहिणाबाई शेतकरी घरातल्या होत्या, मुलगा कवी होता, अत्र्यांपर्यंत हात पोचला. म्हणून निदान शब्द तरी उरले. आपल्या वस्तीतल्या आजीकडं ना वही, ना अत्रे.

पण काही माणसांनी हे काम केलंय, त्यांचं नाव घेतलं पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आपल्या बायांनी रचलेल्या. ओवी कोणाची, गाव कोणतं, हे त्यांनी मांडून ठेवलं. बघा, ही खरी टॅली! कोणी दारात गेलं म्हणून ती झाली. ओवी चालत केंद्रावर गेली नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. खानदेश त्यात नव्हता, नाशिक होता. प्रत्येक गावात ऐकणाऱ्यांचा एक गट. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, असे एकूण वीस. ऐकायचं, त्यावर आपसात बोलायचं आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. केंद्र पुढच्या वेळी त्यांना उत्तर देणार. घोषणा होती : ऐका, चर्चा करा, कृती करा. पॉल नॉयराथ नावाच्या अभ्यासकानं या गटांची तुलना रेडिओ नसलेल्या आणि गट नसलेल्या गावांशी केली आणि गटांच्या गावांत माहिती खरोखर वाढली, असं मांडलं. आपल्याला आपली घोषणा आठवते : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. दोन्हींत फरक आहे, आणि तो मोठा आहे. सरकारची कृती विहिरीला कठडा बांधण्याची, आपली कृती विहिरीवर हक्क सांगण्याची. पण एक गोष्ट त्या प्रयोगानं सिद्ध केली. नुसता ऐकणारा माणूस गटात बसला की तो बोलणारा होतो. रेडिओ एकतर्फी असलाच पाहिजे असं काही त्याच्या यंत्रात लिहिलेलं नाही. तो एकतर्फी ठेवला जातो.

मग हवा कोणाच्या मालकीची? याचं उत्तर मी देत नाही, सुप्रीम कोर्टानं दिलंय. फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्याचीही नाही. गंमत बघा, आपला हक्क क्रिकेटच्या भांडणातून आला! १९९७ साली प्रसार भारती झालं. खाजगी एफएम आले, त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. मग दिवसभर गाणी आणि गमजा. २००६ साली संस्था-संघटनांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. तिथंही बातम्यांना बंदी, पण आपलं जगणं आपल्या बोलीत सांगायला बंदी नाही. २००८ साली त्या वेळच्या आंध्रात, मेदक जिल्ह्यातल्या माचनूरला, दलित शेतकरी बायकांनी संघम रेडिओ सुरू केला. मशीन त्याच चालवतात, माइक त्याच धरतात. बी-बियाणं, दुखणं-खुपणं, गाणी, भांडणं, सगळं त्यांच्या तेलुगूत. ज्यांच्या हातात खुरपं होतं त्यांनी माइक धरला, आकाश कोसळलं नाही.

कोणी म्हणेल, यूट्यूब आहे, व्हॉट्सअॅप आहे, आता कशाला हे? सांगतो. ते गोदाम दुसऱ्याचं आहे. त्याला वाटलं तर तुमचा माल उद्या बाहेर फेकील, विचारायलासुद्धा सोय नाही. आणि फॉरवर्ड झालेल्या आवाजाला ना नाव, ना गाव, ना तारीख. तो बेवारस माल. गोदीत बेवारस मालाचा लिलाव होतो.

दुसरं, जुन्या फितींची गरज फक्त आठवणींसाठी नाही. त्या पुरावा आहेत. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं गेली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. त्या वर्षांत कोणी साहेब माइकपुढं बसून पुनर्वसनाबद्दल बोलला असेल, तर ती फीत म्हणजे त्याची सही आहे. घरकुलाचं, गायरानाचं, शिष्यवृत्तीचं जे जे हवेतून सांगितलं गेलं, ते हवेत विरू द्यायचं नाही.

म्हणून मी तीन कामं सांगतो. भाषण ऐकून उठताना हातात काम असलं पाहिजे.

पहिलं काम. माहितीचा अधिकार, २००५. प्रसार भारती सार्वजनिक संस्था आहे, कायदा तिला लागू आहे. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. अर्जात ओरडायचं नाही, नेमकं विचारायचं. जळगाव आणि धुळे केंद्रांच्या संग्रहात भाषणांच्या, मुलाखतींच्या, परिसंवादांच्या किती ध्वनिफिती आहेत? त्यांची विषयवार यादी द्या. किती संगणकावर चढवल्या? कोणत्या नष्ट केल्या आणि कोणाच्या आदेशानं? अहिराणीतल्या किती, भिल्ल-पावरा बोलीतल्या किती? यादी हातात आली की आज्याच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळेल.

दुसरं काम. ज्यांनी रेडिओवर भाषणं केली, गाणी गायली, त्यांची घरं शोधा. भाषणाची लिहिलेली प्रत, करारपत्राचा कागद, ट्रंकेत असतो. फीत पुसली तरी कागद उरतो. वाळवीच्या आधी पोचा. कुठं कोणा रसिकानं रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेट भरून घेतली असेल. तीही मागा, उतरवून घ्या आणि परत द्या. परत द्या म्हणतोय, ऐका! आपल्या लोकांकडून वस्तू नेऊन परत न करणारे विद्वान पुष्कळ झाले.

तिसरं काम. आता, आज, आपली माणसं भरून घ्या. मोबाइल पुरतो. पंखा बंद करा, मोबाइल तोंडाच्या जवळ धरा, आणि गप्प बसा. आपल्या पोरांना गप्प बसणं जड जातं, पण ऐकणं हे पण चळवळीचं काम आहे. त्यांना बाबासाहेबांवर भाषण द्यायला सांगू नका, ते सगळेच देतात. विचारा : पहिली मजुरी किती मिळाली, हातात दिली की फेकली? पाणी कुठून आणायचात? शाळेत कुठं बसवायचे? धर्मांतराच्या साली घरातल्या देवांचं काय केलं? लग्नात कोणती गाणी होती? मग सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, गाव, तारीख बोलून घ्या. त्यांची परवानगी घ्या, तीही त्यांच्याच आवाजात. ते म्हणाले हे एवढं बाहेर सांगू नको, तर सांगायचं नाही. मग वहीत नोंद, क्रमांक घालून. आणि तीन प्रती, तीन वेगळ्या घरांत. एका घराला आग लागली तरी आवाज जळणार नाही.

आमच्या गोदीत टोळ्या मोडल्या. कंटेनर आले, न्हावा-शेवा आलं, शंभर माणसांचं काम क्रेन करते. जुने गोदी कामगार खोकत मरताहेत. कुठल्या मालानं कोणाची छाती गेली, हुकानं कोणाचा हात गेला, मुकादम नग कसे खायचा, हे सगळं त्यांच्याबरोबर जातंय. मी रात्रपाळी सुटल्यावर त्यांच्या खोल्यांवर जायला लागलोय. आत्तापर्यंत अकरा आवाज भरले. वही बरोबर आणलीय, बघायची असेल त्यानं भाषणानंतर बघावी. रकाने कसे पाडलेत ते उतरवून घ्यावं.

तुम्हीही सुरू करा. पुढल्या बैठकीला प्रत्येकानं एक आवाज घेऊन यायचं. नावासकट, गावासकट, तारखेसकट. आणि अर्जाचा मसुदा मी लिहून आणलाय, सह्या आत्ताच करायच्या आहेत. पेन कोणाकडं आहे?

जय भीम!